सवाष्णींचा घाट

ठाण्याच्या फणसआळीत गुरुदत्त ओव्हरसियर सकाळी कामाला निघाला की घरातल्या दोन माणसांना मागच्या पडवीत जाऊन बसावे लागे. त्यासाठी दाराला कडी घालावी लागत नसे. गुरुदत्ताची बायको मंदाकिनी माजघराच्या दाराशी येऊन नुसती खाकरली की सुमती हातातले काम टाकून पडवीत शिरे आणि आत्याचा हात धरून तिलाही आत घेई. सुमती ही गुरुदत्ताची धाकटी बहीण आणि आत्या म्हणजे तुळसाआत्या, त्याच्या वडिलांची बहीण. दोघीही विधवा. दोघींच्या अंगावर लाल आलवण आणि पदराखाली न्हाव्याने तासलेले डोके. असली तोंडे बाहेर निघालेल्या कर्त्या पुरुषाच्या दृष्टीस पडली तर त्याचा दिवस वाया जातो, हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. मग बी.ए.च्या पोरांना आणि वर्तमानपत्रे वाचणाऱ्या वकिलांना ठाऊक नसेल कसे?

त्या दिवशी मंदाकिनी खाकरली, पण सुमती मागच्या दाराशी होती आणि आत्याला ऐकू आले नाही. तिला हल्ली कमीच ऐकू येत असे. ती देवाच्या वाती वळण्यासाठी कापूस घेऊन ओटीवर आली आणि पगडी घालून, बगलेत नकाशाची गुंडाळी मारून निघालेल्या गुरुदत्ताच्या पुढ्यात उभी राहिली. गुरुदत्त रागावला नाही. तो रागावणारा माणूसच नव्हता. तो मुकाट्याने परत फिरला. मंदाकिनीने पाट मांडला, तो पाटावर घटकाभर टेकला, तांब्याभर पाणी प्यायला आणि मग नव्याने निघाला. अपशकुन झाला तर असेच करायचे, ही घराची रीत होती. आत्या भिंतीला टेकून, कापूस मुठीत आवळून उभी राहिली होती. "चुकलं हो माझं," असे ती कोणाला म्हणाली कोण जाणे, कारण ऐकायला तिथे कोणी थांबलेच नाही.

तो ज्या हंड्यातले पाणी प्यायला तो हंडा पहाटे आत्यानेच भरून आणला होता. देवाला, स्वयंपाकाला, पितरांना जे पाणी लागते ते सोवळ्यातले लागते, आणि सोवळ्याच्या कामाला विधवेसारखी बाई नाही, असे आपले लोक म्हणतात. तिच्या हातचे पाणी देवाला चालते आणि तिचे तोंड माणसाला चालत नाही. हे शास्त्र कोणी लिहिले ते लिहो, पण ज्याने लिहिले त्याला दोन्ही वेळा पाणी आयते मिळत असणार, एवढे नक्की.

आणि हीच आत्या गुरुदत्ताची आईदेखील होती. खरी आई बाळंतपणात गेली तेव्हा सुमती टोपड्यात होती आणि गुरुदत्त धुळाक्षरे गिरवत होता. आत्याने दोघांना वाढवले. पोराला गोवर आला तेव्हा ती रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसली होती. तेव्हा तिचे तोंड कोणाला अशुभ वाटले नव्हते.

सुमतीचे म्हणाल तर नवव्या वर्षी तिला कल्याणला दिली आणि न्हाण येण्याआधीच तिचा नवरा पटकीने गेला. त्याचा चेहराही तिला नीट आठवत नसे. सासरच्यांनी तिला केस काढून ठाण्याला आणून पोचवले. त्या वेळी गुरुदत्त पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता आणि त्याच्या अंगात सुधारणेचे वारे भरलेले होते. सुट्टीत आला की तो सुमतीला समोर बसवून वाचायला शिकवी. पुढे नोकरी लागली, लग्न झाले, आणि ते वारे हळूहळू घराबाहेरच वाहू लागले. गेल्या वर्षी वाचनालयात त्याने 'विधवांची स्थिती' या विषयावर व्याख्यान दिले. टाळ्या इतक्या पडल्या म्हणतात की खांबावरची पारवी उडाली. त्या दिवशी व्याख्यानाला निघतानाही मंदाकिनी खाकरली होती आणि दोघी पडवीत जाऊन बसल्या होत्या.

आता त्याच्याकडे मोठे काम आले होते. गावात विश्रामशेठ नावाचे एक कंत्राटदार होते. रेल्वेच्या मोऱ्यांना दगड पुरवता पुरवता ते गबर झाले होते. त्यांची बायको उत्तराबाई मागल्या वर्षी भादव्यात वारली, आणि अहेव वारली. कुंकू लावून, हिरवा चुडा भरून, ओटी भरून गेली. केवढे पुण्य. तिच्या स्मरणार्थ आळीमागच्या भवानीतळ्याला चारी बाजूंनी दगडी घाट बांधून द्यावा, असे शेठजींच्या मनात आले. सरकारी नोकरी सांभाळून त्याचा आराखडा करून देण्याचे काम त्यांनी गुरुदत्तावर सोपवले होते.

गुरुदत्ताने ते काम मन लावून केले, त्यात खोट काढता येणार नाही. नुसता घाटच नको, घाटाला लागून असलेल्या सगळ्या वस्तीचा विचार व्हावा, असे त्याने ठरवले. साखळी आणि होकायंत्र घेऊन तो आळ्याआळ्यांतून हिंडला. कोणती विहीर खाडीमुळे मचूळ झाली आहे, कोणते घर कुठून पाणी भरते, सांडपाणी कोणत्या अंगाला उतरते, गुरे कोणत्या वाटेने येतात, धोबी कुठे बसतात, हे सारे त्याने विचारून विचारून टिपले. तळ्याच्या काठच्या वडाखाली सतरंजी टाकून तो सूर्योदयापासून बसे आणि कोण येते, किती वेळ थांबते ते पाही. लोकांना आधी हसू आले, मग कौतुक वाटू लागले. ठाण्यात तळ्यांना तोटा नव्हता, पण तळ्याकडे इतक्या बारकाईने कोणी पाहिल्याचे कोणाला आठवत नव्हते.

एके संध्याकाळी त्याने पुरा झालेला नकाशा माजघरात पसरला, चार कोपऱ्यांवर चार पाट ठेवले आणि समई जवळ ओढली. मंदाकिनीला काही कळत नव्हते, पण रंग पाहून ती खूश झाली. सुमती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. निळे तळे, तांबड्या पायऱ्या, कडेने झाडे. एकेका बाजूला सुरेख अक्षरात नाव घातले होते. पूर्वेला, जिथे आज मोडक्या का होईना पण पायऱ्या होत्या तिथे, 'सवाष्णींचा घाट'. उत्तरेला पुरुषांचा. दक्षिणेला धोब्यांचा. पश्चिमेला 'गुरांचा उतार', आणि तो किती रुंद असावा म्हणजे दोन म्हशी एकमेकींना न घासता उतरतील, तेही लिहिलेले. महारवाड्याचे कुठेच नाव नव्हते. त्यांना तळ्याला शिवायचीच बंदी होती आणि त्या बंदीचा नकाशा काढण्याची अजून कोणाला गरज वाटली नव्हती.

सुमतीने सगळा नकाशा वाचला. मग तिने विचारले, "दादा, आणि आम्ही कुठे?"

"आम्ही म्हणजे?"

"मी. आत्या. आळीतल्या आमच्यासारख्या बाकीच्या. आम्ही कुठून पाणी भरायचं?"

गुरुदत्ताला खरोखरच आश्चर्य वाटले. तो म्हणाला, "अगं, पण तळ्यावर विधवा येतच नाहीत. मी इतके दिवस बसून पाहिलंय. एकही आली नाही."

 सुमतीला वाटले, हा थट्टा करतोय. पण तो थट्टा करत नव्हता. त्याने वडाखाली बसून प्रामाणिकपणे पाहिले होते आणि प्रामाणिकपणे लिहिले होते.

"तू सूर्य उगवल्यावर बसतोस," ती म्हणाली. "आम्ही त्याआधी भरून येतो. का, ते तुला माहीत आहे. सकाळी बाहेर निघालेल्या तुझ्यासारख्यांना आम्ही आडव्या जाऊ नये म्हणून."

 आळीने आधी या बायकांना दिवसाउजेडी तळ्यावरून हाकलले, मग दिवसाउजेडी एक शिकलेला माणूस तिथे बसवला आणि त्याने तपास करून सांगितले की अशा बायका नाहीतच. याला शोध म्हणतात. गुरुदत्ताची मान खाली गेली, एवढे त्याच्या पदरात टाकायला हवे. पण खाली गेलेली मान वर आली तेव्हा तिच्यात शेठजी बोलू लागले. ही जागा शेठजींनीच निवडली, तो म्हणाला. त्यांची अटच आहे, पूर्वेच्या पायऱ्यांवर सवाष्णीखेरीज कोणी पाऊल टाकायचे नाही. त्यांची बायको अहेव गेली, तिच्या नावाला काळिमा नको. मी आडवा गेलो तर घाटच होणार नाही. शंभर घरांची सोय की दहा-बारा बायकांची, याचा विचार करायला हवा. सुधारणा हळूहळू होते.

"मग तोपर्यंत?"

"पश्चिमेचा उतार आहे ना. पहाटे तिथे गुरं नसतात."

सुमती आत गेली आणि चुलीतली लाकडे ओढू लागली. तिला रडू येत नव्हते. ज्या माणसाने तिला अक्षरे शिकवली त्याच माणसाच्या अक्षरात तिने आज वाचले होते की म्हशीला जागा आहे आणि तिला नाही. आत्याला तिने काही सांगितले नाही. सांगितले असते तरी आत्या म्हणाली असती, "असू दे हो, पोराच्या मनात का तसं आहे?"

घाटाचे काम सुरू झाले. जुन्या पायऱ्या पहिल्याच आठवड्यात उखडल्या आणि तिथे दगडांचे ढीग पडले. आळीतल्या विधवा पहाटे उतारावर जाऊ लागल्या. उतार कसला, दिवसभर म्हशी लोळून झालेला तो चिखलाचा घसरगुंडा होता. पायाखाली शेण की माती ते अंधारात कळत नसे. पाणी स्वच्छ मिळावे म्हणून कमरेपर्यंत आत जावे लागे, आणि भरली कळशी काखेत घेऊन चढताना पाय धरत नसत. आत्याच्याने ते होईना, म्हणून सुमती तिला घरीच ठेवी आणि दोन खेपा आपणच करी.

चेंदणीच्या कोळीवाड्यातून शेवंती कोळीण मावरे विकायला आळीत येई. ती मागच्या दाराशी पाटी उतरवी, कारण घर मासे खाणारे होते, मंदाकिनीला दिवस गेले होते आणि तिला कोलंबीशिवाय घास उतरत नव्हता. सुमती मासळी निवडून घेई, साफ करी, शिजवी आणि स्वतः ताकभात खाई. एकदा शेवंतीने तिच्या पोटऱ्यांवरचा चिखल पाहिला आणि काय झाले म्हणून विचारले. सुमतीने सांगितले. शेवंती स्वतःही एकदा विधवा झाली होती. पहिला दादला वादळात बुडाला, मग तिने कान्हाशी पाट लावला, म्हणजे दुसरे लग्न केले. तिला ही गोष्ट समजायलाच वेळ लागला.

"आमच्यांत दादला मेला त दादला मेला," ती शेवटी म्हणाली. "बायकोचा तोंड नाय मरत. तुमच्यांत शिकलेली मानसं ना, बाय?"

 सुमतीने कोलंबीचे पैसे दिले आणि दार लावले. पण ते वाक्य तिच्या डोक्यात राहिले, आणि पुढे बरेच दिवस चूल फुंकताना, भांडी घासताना ते तिला ऐकू येत राहिले.

मार्गशीर्षात सुमती बाजूला बसली. महिन्याचे ते दिवस आले की बाईने घरात कशाला शिवायचे नाही. मग पाणी कोण आणणार? मंदाकिनीला आठवा लागला होता. गुरुदत्त पुरुष. पैसे देऊन एखाद्या ब्राह्मणाकडून पाणी आणवावे, असे सुमतीने कोपऱ्यातून दोनदा म्हटले. बघू, असे गुरुदत्त म्हणाला आणि विसरला, कारण घाटाला शेवटचा हात फिरत होता. आत्याने ऐकले आणि कोणालाही न सांगता पहाटे पूजेची छोटी कळशी घेऊन ती उतारावर गेली.

शेवंती आणि कान्हा मासळीच्या पाट्या घेऊन बाजाराला चालले होते. नुकते फटफटले होते. उतारावर काहीतरी लाल दिसले म्हणून कान्हा धावला. आत्या अर्धी पाण्यात आणि अर्धी चिखलात पडली होती. कमरेतून पाय वाकडा झाला होता. हाताने तिने कळशी छातीशी धरली होती आणि ती सरळ राहील इतके तिला भान होते. कान्हा तिला उचलायला वाकला तेव्हा ती पुटपुटली, "बाबा, मला शिवू नको. पूजेचं पाणी आहे."

त्यांनी तिला उचललेच. त्यांनी उचलले नसते तर आळीतून कोणी आले असते का, ते आळीने आपल्या मनाला विचारावे. खांद्यावर घालून कान्हाने तिला मागच्या दारी आणले. आळीतल्या पहिल्या दोन ओट्यांवर माणसे दात घासत उभी होती. त्यांनी विधवा पाहून तोंडे फिरवली. डॉक्टर आला तेव्हा आत्याला धाप लागली होती. दुपारी ती गेली. जाताना तिचे डोळे दाराकडे होते, आणि गुरुदत्त येताना दिसला तशी ती हाताने पदर तोंडावर ओढू लागली, त्याला आपले तोंड दिसू नये म्हणून. त्याला तेव्हा कुठेही निघायचे नव्हते. तो तिच्याजवळच आला होता.

गुरुदत्त खूप रडला. त्याने सगळे दिवस-वार यथासांग केले. पण तेराव्याला समाचाराला आलेल्या कोणाशी तरी बोलताना तो म्हणाला, "वय झालं होतं हो तिचं." सुमतीने ते आतून ऐकले आणि तिच्या मनातले उरलेसुरले मऊपण तिथे करपून गेले. आत्याचे वय झाले होते हे खरे. पण वय झालेली माणसे अंथरुणात मरतात. म्हशींच्या वाटेवर, अंधारात, पाणी भरताना मरत नाहीत.

त्या संध्याकाळी ती आपणहून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. पुढल्या आठवड्यात घाटाचा उत्सर्ग होता. बांधलेली जागा मंत्र म्हणून लोकांसाठी सोडून द्यायची, त्या विधीला भटजी उत्सर्ग म्हणतात. तिने एवढेच मागितले, की उत्सर्गाच्या आधी शेठजींना सांगून ती अट काढून टाकावी. नाहीतर पूर्वेच्या पायऱ्यांतल्या कडेच्या चार पायऱ्या तरी सोडाव्यात. आत्यासाठी म्हणून तरी.

"अट पाटीवर कोरून झाली गं," गुरुदत्त म्हणाला. "एकदा घाट लोकांना मिळू दे. मग पुढे बघू."

"लोकांना," सुमती म्हणाली, आणि आत निघून गेली.

उत्सर्गाचा दिवस उजाडला. भवानीतळ्यावर केळीचे खांब, आंब्याची तोरणे, सनई-चौघडा. कल्याणहून शेठजींचे सोयरे आले होते. मामलेदार खुर्चीवर होते. पूर्वेच्या नव्या पायऱ्यांवर शंभरभर सवाष्णी नव्या लुगड्यांत, नथी घालून, ओटीची ताटे घेऊन बसल्या होत्या. मध्यभागी संगमरवरी पाटी, तिच्यावर फुलांची चादर. खालच्या पायरीवर सोवळे नेसलेले पाच ब्राह्मण होमापुढे. मंदाकिनी पहिल्या रांगेत. गुरुदत्ताला शाल आणि नारळ मिळाला होता आणि शेठजी सर्वांना सांगत होते, की असा आराखडा मुंबईच्या साहेबालाही जमणार नाही.

फणसआळीतून सुमती निघाली. उजेडात, घराच्या पुढच्या दाराने, आळीच्या मधोमध. काखेत आत्याची छोटी कळशी होती. इतक्या वर्षांत दिवसाउजेडी ती या रस्त्यावर आली नव्हती, त्यामुळे ओट्यावरच्या माणसांना आधी ही कोण ते कळलेच नाही. कळले तेव्हा ती पुढे गेली होती. काही जण घरात शिरले. एका म्हाताऱ्याने "अगं, अगं" केले आणि डोळे मिटून घेतले.

घाटावर ती पोचली आणि सनई आधी बेसूर झाली, मग थांबली. शेठजी उभे राहिले. "अडवा तिला," ते म्हणाले. आणि मग जे झाले ते पाहण्यासारखे होते. ब्राह्मण सोवळ्यात होते, त्यांना तिला शिवता येईना. सवाष्णींना विधवेचा पदर अंगाला लागायला नको होता, त्यांनी ताटे सावरून भराभर पाय ओढून घेतले. बाकीचे पुरुष परक्या बाईच्या अंगाला हात कसा लावतील? तिला अडवायला कोणी पुढे होऊ शकला नाही. ज्या विटाळाने तिला आयुष्यभर कोंडले होते, त्याच विटाळाच्या भीतीने गर्दी दुभंगली आणि वरपासून पाण्यापर्यंत स्वच्छ वाट मोकळी झाली. त्या वाटेने ती एकेक पायरी उतरली. पायऱ्या छान बांधल्या होत्या. पाय कुठेही घसरला नाही.

तिने कळशी विसळली, भरली आणि वर चढू लागली. शेठजींचा आवाज आता चढला होता. "ओव्हरसियर, ही तुमची बहीण ना? माझ्या बायकोच्या नावाला डाग लावलात. आत्ताच्या आत्ता हिला घरी न्या."

गुरुदत्त उठला. त्याच्या खांद्यावरून शाल घसरली. तो दोन पायऱ्या खाली आला आणि सुमतीच्या समोर उभा राहिला. तिनेच बोलायला सुरुवात केली. आवाज मोठा नव्हता, पण घाट इतका शांत होता की वरच्या खुर्च्यांपर्यंत गेला.

"दादा, आता लिही. सूर्य उगवल्यावर एक आली होती."

मग ती शेठजींकडे वळली. "शेठजी, तुमच्या बायकोला मी ओळखत होते. तिच्या शेवटच्या दुखण्यात तिला सोवळ्यातलं पाणी लागायचं, ते रोज माझी आत्या नेऊन द्यायची. आत्या तुमच्या गुरांच्या उतारावर मेली. ते तुमच्या पाटीवर लिहा."

एवढे बोलून ती आळीतून घरी गेली. पुढच्या दारानेच आत शिरली.

मागे काय गोंधळ झाला तो सांगत बसत नाही. घाटावर गोमूत्र शिंपडले, पंचगव्य झाले, होम पुन्हा मांडला. आळीतल्या चार शहाण्यांनी रात्री येऊन गुरुदत्ताला वाळीत टाकण्याची धमकी दिली, आणि सुमतीला कल्याणला, नाहीतर काशीला धाडावे, असा सल्ला दिला. मंदाकिनी रडत होती. पोटातल्या बाळाचे आता काय होईल, याची तिला भीती वाटत होती, आणि ती भीती खोटी नव्हती, फक्त चुकीच्या बाईच्या माथी मारलेली होती. गुरुदत्त सगळ्यांचे ऐकून घेत होता. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. सुमतीला आता त्याच्याकडून काही अपेक्षा उरली नव्हती. तिने देवापाशी दिवा लावला आणि ती झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हे ओटीवर आली तेव्हा गुरुदत्त पगडी घालून निघाला. मंदाकिनी माजघराच्या दाराशी येऊन सवयीने खाकरली. पडवीतून काही आवाज आला नाही, कारण पडवीत कोणी नव्हते. गुरुदत्ताने दार उघडले. समोर सुमती नव्या घाटावरून भरलेला हंडा डोक्यावर घेऊन पायरी चढत होती. पदर मागे सरकला होता आणि कोवळे ऊन तिच्या तासलेल्या डोक्यावर पडले होते. ती थांबली नाही, बाजूला झाली नाही, तोंडावर पदरही ओढून घेतला नाही.

मंदाकिनीने झटकन पाट मांडला आणि पाण्यासाठी वळली. पण घरातला हंडा रिकामा होता. घरात पाणी होते ते सुमतीच्या डोक्यावर. ती आत आली, हंडा उतरवला, तांब्या भरला आणि पाटापुढे ठेवला. "घे दादा," ती म्हणाली. "अपशकुन झालाय ना?"

गुरुदत्त पाटाकडे पाहत राहिला. कधी नव्हे ते त्याने बहिणीच्या तोंडाकडे पाहिले आणि ते तोंड आत्यासारखे होते, हे त्याला इतक्या वर्षांनी दिसले. त्याने तांब्या उचलला नाही. तो पाटावर बसला नाही. जिथे ती उभी होती तिच्या समोरूनच, तिच्याकडे बघत, तो उंबरठा ओलांडून पायरी उतरला आणि शेठजींच्या घराच्या वाटेला लागला. त्याच्या काखेत शाल आणि नारळ होता.

त्याचा तो दिवस कसा गेला, हे पाहायला सारी आळी संध्याकाळपर्यंत ओट्यांवर बसून होती. तो रिकाम्या हातांनी, धडधाकट परत आला. काही वाईट झाले नव्हते. व्हायचे ते वाईट म्हशींच्या उतारावर, अंधारात, आधीच होऊन गेले होते, आणि ते कोणत्याही विधवेच्या तोंडामुळे झाले नव्हते.